गाडीचं विचारा : पॅड, डिस्क आणि मधली ती पिन

यावेळी आलेले प्रश्न बघितले तर जवळजवळ सगळे ब्रेकचेच. साहजिक आहे, शाळांना सुट्ट्या लागल्या की तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर सुरू होतं आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडी दाखवायला नेली की तिथं कळतंय पॅड संपलेत म्हणून. त्यामुळं या महिन्यात दुसरं काही नाही, फक्त ब्रेक.

प्रश्न : माझ्याकडं २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालंय. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चिर्रर्र आवाज येतोय. गॅरेजवाले म्हणतात पॅड आणि डिस्क दोन्ही बदला. बाईकची सगळी कामं मी घरीच करतो, हे पण घरी जमेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जमेल. बाईकचं काम हातात आहे म्हणता म्हणजे पाना कसा धरायचा आणि नट कुठं आवळून थांबायचं हे तुम्हाला सांगायला नको. फक्त एवढं लक्षात घ्या की गाडीत घरची माणसं बसणार आहेत, त्यामुळं पहिल्या वेळी हे काम आधी केलेला कोणीतरी शेजारी असू द्या, आणि रविवारी सकाळी सुरू करा, संध्याकाळी कुठं जायचं असेल त्या दिवशी अजिबात नको, घाई झाली की काहीतरी राहतंय.

आधी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि दोन पॅडांमध्ये दाबली जाणारी लोखंडी तबकडी, खरंच बदलायची आहे का ते बघा. तो चिर्रर्र आवाज बऱ्याचदा पॅडला लावलेल्या एका छोट्या पत्र्याच्या पट्टीचा असतो, पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती पट्टी डिस्कला घासायला लागते, ती मुद्दामच दिलेली असते. नवीन पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं, ३ वर आलं की बदलायचं, वाट बघायची नाही. ती पट्टी ओरडत असताना पण गाडी चालवत राहिलात तर मग खर्रर्र सुरू होतं, लोखंडावर लोखंड, आणि तेव्हा डिस्कवर चरे पडतात. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर मिनिमम जाडी कोरलेली असते, गंजानं झाकली असेल तर वायर ब्रश मारा, दिसेल. आता मोजताना लोक इथं फसतात, कारण डिस्कच्या बाहेरच्या काठाला पॅड लागत नाही, तिथं उंच कड राहते आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, त्या कडेवर बसलं की जाडी जास्त दाखवतंय. सोपं करा, दोन्ही बाजूंनी कडेच्या आत एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट मोजा आणि मग दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. समजा मिनिमम १८ लिहिलंय आणि तुमचं १८.३ भरलं, तर त्यावर नवीन पॅड घालण्यात अर्थ नाही, पॅड संपायच्या आधी डिस्क हद्दीखाली जाणार. १९.५ भरलं, चरे नाहीत, ब्रेक दाबताना थरथर नाही, तर नुसते पॅड बदला आणि डिस्कचे पैसे वाचवा, गॅरेजवाल्याला पण हेच माप दाखवा. आणि पॅड असो की डिस्क, डावं-उजवं जोडीनंच बदलायचं, एकाच बाजूचं बदललं की ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं ओढते.

आता जॅक. इथं मी जरा जास्तच बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी मी सोसायटीच्या बाहेर डांबरावर गाडी उचलली होती, चाक काढलं, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, बोल्टवर जोर लावला तसा जॅक एका बाजूला कलला. आपल्याकडं मेमध्ये पारा ४० च्या वर असतोय, डांबर मऊ पडलेलं होतं आणि जॅकचा पाय त्यात दीड-दोन बोटं रुतला होता. नशीब की काढलेलं चाक मी आधीच उंबऱ्याखाली म्हणजे दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, गाडी त्यावर टेकली, माझा हात बाहेर होता. तेव्हापासून जॅकवर उभ्या गाडीला मी हातच लावत नाही. कोबा किंवा फरशी असलेली सपाट जागा बघा, जॅकखाली जाड लाकडी फळी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि उचलल्यावर खाली जॅक स्टँड लावून गाडीचं वजन त्यावर सोडा. स्टँड नसेल तर काम सुरूच करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करून घ्या, वर उचलून जोर लावला तर गाडी हलते.

चाक निघालं की कॅलिपर. मागच्या बाजूला दोन बोल्ट असतात, बऱ्याच छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ चा पाना लागतो. कॅलिपर सुटला की त्याला पाइपवर लोंबकळत ठेवू नका, आतून रबरी पाइप तुटतो आणि बाहेरून दिसत पण नाही, वायरनं किंवा दोरीनं चाकामागच्या मोठ्या स्प्रिंगला बांधा. जुने पॅड काढायच्या आधी मोबाईलवर दोन फोटो काढून घ्या, कुठला आतला, कुठला बाहेरचा, क्लिप कशा बसल्यात.

आता जुने पॅड हातात घेऊन शेजारी शेजारी धरा. या उत्तरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथं आहे. आतला पॅड २ मिलिमीटरवर आणि बाहेरचा अजून ६-७ वर, असं दिसलं तर पॅड संपले नाहीत, संपवले गेलेत. आपल्या बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकतच नाही, सगळा मार आतल्या पॅडवर, आणि पाय काढला तरी तो पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते, अ‍ॅव्हरेज पण पडतं. माझ्या हातातून गेलेल्या गाड्यांत लवकर पॅड खाणाऱ्या गाड्या बघितल्या तर पिनच निघते. रबराच्या टोपीतून पिन ओढा, हातानं सर्रकन आली पाहिजे. आपल्याकडची धूळ आणि वर ऊन, आतलं ग्रीस वाळून तपकिरी, अगदी वाळलेल्या काकवीसारखं चिकट झालेलं असतं, पक्कड लावून फिरवत फिरवत काढावी लागते. काढा, पुसा, बारीक गंज असेल तर पॉलिश पेपर मारा, खड्डे पडले असतील तर पिन नवीन घ्या, महाग नाही. भोकातलं जुनं ग्रीस पण कापडाची वात करून काढा. मग ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, पातळ थर. साधं चासी ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पिन परत जाम, हे काम केलंच नाही असं होतं. वरची आणि खालची पिन बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, एकीला टोकाला रबर असतं, अदलाबदल करू नका. नवीन पॅड टाकून पिना तशाच ठेवल्या तर वर्षभरात तुम्ही परत मलाच पत्र लिहिणार.

डिस्क काढायला कॅलिपरचा ब्रॅकेट सोडावा लागतो, तिथले बोल्ट घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना घ्या. डिस्कला एखाद-दोन छोटे स्क्रू असतील तर ते गंजलेले असतात, गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा घेऊन या, मग स्क्रू-ड्रायव्हर बरोबर मापाचा घेऊन मागून एक ठोका द्या आणि फिरवा. डिस्क हबला, म्हणजे ती ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, चिकटली असेल तर हातोड्यानं बडवत बसू नका, बऱ्याच डिस्कना आट्याची दोन भोकं दिलेली असतात, बहुतेक ८ मिलिमीटरच्या बोल्टची, दोन्हीत बोल्ट घालून आलटून पालटून आवळा, डिस्क आपोआप सुटून पुढं येते. मग हब. वायर ब्रशनं चकचकीत करा, पुढच्या प्रश्नात का ते येतंयच. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, ब्रेक क्लीनर मारा किंवा साबणाच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडी करा, पाणी यायचा दिवस धरून काम काढलंत तर बरं. धुतल्यावर डिस्कच्या तोंडाला तेलकट बोट पण लावू नका. ब्रॅकेटवर पॅडच्या क्लिपा बसतात त्याखालचा गंज खरवडून काढा, नवीन पॅड बोटानं ढकलला तर सरकला पाहिजे, ठोकून बसवायला लागत असेल तर कुठंतरी गंज राहिलाय.

पिस्टन आत ढकलताना जुना पॅड मध्ये धरा आणि शिकंजा, म्हणजे सी-क्लॅम्प, हळू हळू आवळा. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचं झाकण काढा, कारण पिस्टन मागं गेला की ऑइल वर येतं आणि डबी वाहते, ते रंगावर सांडलं तर रंग उचलून काढतं, सांडलंच तर लगेच भरपूर पाणी. डबी काठोकाठ असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या. पिस्टनच्या रबराभोवती ओल दिसली, रबर फाटलंय किंवा शिकंजा लावून पण पिस्टन हलत नाही, तर तिथंच थांबा, ते घरचं काम नाही, कॅलिपर गॅरेजला जाऊ द्या.

सगळं परत बसवताना बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवरच, म्हणजे तेवढ्याच जोरानं आवळायचे, टॉर्क रेंच मित्राकडून मागून आणा पण आणा. आणि गाडी हलवायच्या आधी, चावी फिरवायच्या पण आधी, ब्रेकचं पेडल दाबत राहा. पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल सरळ खाली जातं, कारण पिस्टन मागं गेलेले असतात, दाबत राहिलं की वर येऊन घट्ट होतं. हे विसरून रिव्हर्स टाकलेली गाडी मागच्या भिंतीवर गेलेली मी बघितलीय.

शेवटी नवीन पॅड डिस्कशी जुळवून घेणं. पहाटे गावाबाहेर मोकळा रस्ता, मागं कोणी नाही बघून ५०-६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवत ठेवायचं म्हणजे गार होतंय, पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. ऊसाचा हंगाम असेल तर रात्री हायवेला जाऊच नका त्या दिवसांत, बिनलाईटची ट्रॉली समोर कधी येईल सांगता येत नाही.

प्रश्न : माझ्या भावानं पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड घरीच बदलले. पहिले दोन-तीन महिने मस्त होतं, आता ८० ला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय. गॅरेजमध्ये म्हणाले डिस्क वाकडी झाली, परत नवीन घ्या. भावाचं काय चुकलं?
– एक वाचक, सैफुल

उत्तर : ताई, डिस्क खरी वाकडी होणं फार कमी बघायला मिळतं. बहुतेक वेळा हबवरचा गंज तसाच ठेवून वर नवीन डिस्क बसवलेली असते. हबवर गंजाचा एक पापुद्रा राहिला तर डिस्क तेवढीशी तिरकी बसते, मधल्या भागात केसाएवढा फरक असतो पण कडेला तो वाढतो, आणि बऱ्याच गाड्यांत कडेला एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं डुलणं सुद्धा जास्त धरतात. मग प्रत्येक फेऱ्यात डिस्क एकाच जागी पॅडला हलकं घासत राहते, तिथं ती पातळ होते, आणि दोन-तीन महिन्यांनी हातात थरथर. म्हणूनच लगेच कळत नाही. त्यामुळं भावाला रागावू नका, त्यानं बाकी काम नीट केलेलं दिसतंय.

दुसरं कारण नटांचं. चाक कुठं पंक्चरला काढलं होतं का आणि परत लावताना मशीननं धडाधड नट आवळले का, ते आठवून बघा. एक नट खूप घट्ट, एक कमी, असं झालं तरी डिस्क ताणली जाते. नट नेहमी समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे.

आता करायचं काय, तर डिस्क काढा, हब घासा, परत लावून डायल गेजनं, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापानं, डुलणं बघा, एखाद्या लेथवाल्याकडं डायल गेज असतोच. जाडी शिल्लक असेल तर लेथवर हलका हात मारून घेता येतो, मिनिममच्या खाली जात असेल तरच नवीन. आणि ब्रेक न मारता पण ८० ला स्टेअरिंग हलत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी चाकांचं बॅलन्सिंग करा.

प्रश्न : पॅड बदलल्यापासून पेडल मऊ लागतंय, स्पंजासारखं. हवा काढावी लागेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : गाडी चालवू नका, आधी हे. आता मला सांगा, कुठला पाइप किंवा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सोडला होता का, डबी रिकामी झाली होती का? दोन्ही नाही तर हवा आपणहून आत जात नाही, मग पॅड क्लिपमध्ये तिरका बसलाय का, पत्र्याची शिम दुमडलीय का ते बघा. पाइप किंवा निपल सोडला असेल किंवा डबी रिकामी झाली असेल तर हवा काढावीच लागणार, त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबून धरणार, दुसरा निपल उघडून बुडबुडे बघणार आणि पेडल सुटायच्या आत निपल बंद करणार, डबी मध्ये एकदा पण रिकामी होऊ द्यायची नाही. कुठल्या चाकापासून सुरुवात ते गाडीच्या पुस्तकात असतं. इतकं करून पण मऊच राहिलं आणि गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे, तर त्याच्या युनिटमध्ये हवा अडकलेली असू शकते, ती काढायला स्कॅनर लागतो, तिथं गॅरेजच. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. घरात अर्धी उघडलेली जुनी बाटली असेल तर ती वापरू नका.

प्रश्न : तुळजापूरहून घाट उतरताना जळका वास आला आणि खाली आल्यावर ब्रेक लागतच नव्हता असं वाटलं, दहा मिनिटं थांबलो तर परत ठीक. पॅड चांगले आहेत. दाखवायला पाहिजे का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : पाहिजे, आणि परत घाट उतरायच्या आधीच. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे वेगाची उष्णता करतो. एक टनाची गाडी ८० वरून एकदा थांबवली तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात एक लिटर पाणी ३० डिग्रीवरून जवळजवळ ९० डिग्रीला जाईल. हे एकदा थांबायचं झालं, घाटात तुम्ही पायच काढत नाही. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते, तो वास त्याचाच. पण मला जास्त काळजी ब्रेक ऑइलची आहे. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट ३ निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं झालं की ती हद्द १४० वर येते, डॉट ४ चं २३० वरून १५५. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, मग पाय खाली जातो पण जोर पिस्टनपर्यंत पोचत नाही. गार झालं की वाफ परत पाणी होते आणि सगळं ठीक वाटायला लागतं, तुमचं अगदी असंच झालेलं दिसतंय. शेवटचं ऑइल कधी बदललं आठवत नसेल तर उद्याच बदला, दर दोन वर्षांनी बदलत राहायचं, किलोमीटर कितीही कमी होऊ देत. त्याच वेळी वरच्या उत्तरातल्या पिना बघा, पॅड घासत राहत असेल तर सपाट रस्त्यावर पण चाक तापतं. पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ नुसता हात न्या, लावू नका, एकाच चाकाजवळ जास्त धग लागली तर गडबड तिथं आहे. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका.

प्रश्न : मागचे ड्रमचे ब्रेक शू पण घरी बदलू का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : पुढचे पॅड दोन-तीनदा स्वतः बदलून झाल्यावर. ड्रममध्ये स्प्रिंगा असतात, त्या सुटल्या की डोळ्याला लागू शकतात, चष्मा लावा. ड्रम काढायच्या आधी हँडब्रेक सोडा, नाहीतर तो निघणार नाही, आणि हँडब्रेक सोडलाय म्हणजे पुढच्या चाकांना दगड जास्त नीट लावा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघून जोडता येते. आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, जुन्या शूमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. मागं डिस्क असेल आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर मात्र हात लावू नका, तिथला पिस्टन मोटरवर चालतो, तो सर्व्हिस मोडला घातल्याशिवाय शिकंज्यानं दाबलात तर मोटर जाते.